पालकांची सही

"ही रेष रिकामी आहे," कुचेरा बाई म्हणाल्या आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

"माहितीये," एमेट म्हणाला. "म्हणून तर तुमच्या यादीत नाव घातलं."

यादी दारावर चिकटवलेली होती. अकरावीची एकतीस पोरं, प्रत्येकाला अर्धा तास. कुठले विषय अडलेत, पुढच्या मे महिन्यात बारावी पार करून टोपी-झगा घालून स्टेजवर चढणार की नाही, आणि चढून उतरल्यावर पुढे काय, सगळं त्या अर्ध्या तासात उरकायचं. एमेटने मुद्दाम शेवटची वेळ घेतली होती. गुरुवार, तीन वाजता.

बाईंनी त्याची फाइल उघडली. उघडायची तशी गरज नव्हती.

"गणित उत्तम. फिजिक्स उत्तम. इंग्रजीत लोळतोयस."

"इंग्रजीत लोळलो म्हणून इंजिन बंद पडत नाही, बाई."

"हे पाठ करून आलायस?"

"हो."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते गिळलं.

कागद मेन राज्यातल्या एका जहाजशाळेचा होता. उन्हाळ्यात सहा आठवडे खऱ्या जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. जो टिकेल त्याला पुढे कॉलेजात जागा, फी माफ. नेब्रास्कातलं हे पोरगं. मक्याच्या शेतांमध्ये वाढलेलं, मोठं पाणी म्हणून गुरांची टाकी बघितलेलं. त्याची निवड झाली होती. आता फक्त पालकांची सही हवी होती. तीही आज चारच्या आत, नाहीतर जागा पुढच्या पोराला.

"आई नाही म्हणते," एमेट म्हणाला.

"का?"

"कारण सांगत नाही. उठून भांडी घासायला लागते. जोरात."

"तू नीट बोललास का पण?"

"तीनदा. पहिल्यांदा म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा म्हणाली, जहाजं बुडतात. तिसऱ्यांदा म्हणाली, जेव गप."

"घरात तुम्ही दोघंच. तू गेलास की ती कोणाशी बोलणार?"

"कुत्रा आहे की. तो उलटं बोलत नाही, तिला बरं पडेल."

"एमेट."

"सॉरी."

बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पार्किंग, झेंड्याचा खांब आणि वारा.

चौदा वर्षं त्या शाळेत हे पोरांना सल्ला द्यायचं काम करत होत्या. जी पोरं जाऊ शकतात पण घरचे सोडत नाहीत, त्यांच्या घरी त्या स्वतः जायच्या. स्वयंपाकघरात बसायच्या, पुढ्यात येईल ती पांचट कॉफी प्यायच्या आणि सही घेऊनच उठायच्या. पंचक्रोशीत म्हणायचे, कुचेरा बाईंची गाडी दारात लागली की समजायचं, पोरगं गेलं.

"हायडी क्राऊसच्या आईला तुम्ही काय म्हणाला होतात?" एमेटने विचारलं.

"ते वेगळं होतं."

"पोरगी तुमच्याकडे राहायला आलेली नाही, तुमच्याकडून निघायला आलीये. असं म्हणालात. हायडीनेच सांगितलं मला. तिची आई रडली आणि सही करून मोकळी झाली."

"रडली नव्हती. नाक शिंकरलं होतं."

"तेच ते. सगळ्या गावाच्या आयांना समजावता तुम्ही. माझीच तेवढी सुटली."

बाईंचा आवाज चढला. "तिने एकटीने वाढवलंय तुला. बर्फात गाडी ढकलत शाळेत आणून सोडलंय. तिला माझ्यासमोर वाईट ठरवायचं नाही, सांगून ठेवते."

"वाईट कुठे म्हणतोय? भित्री म्हणतोय."

"तोंड सांभाळ."

"सांभाळतोयच. घरी असतो तर ओरडलो असतो. इथे बरं आहे, तुम्हाला ऐकून घ्यावंच लागतं. अर्धा तास माझा आहे."

कॅन्टीनमधून खिमा-राजम्याच्या चिलीचा आणि दालचिनीच्या रोलचा वास येत होता, दुपारभर न गेलेला.

मग एमेट जरा हळू आवाजात म्हणाला, "मला पळून नाही जायचं, बाई. ऑगस्टात परत येणार, बारावी इथेच करणार. पण आता गेलोच नाही, तर काय होईल माहितीये? धान्याच्या कोठारावर कामाला चिकटेन. रोज संध्याकाळी घरी येईन, तिच्यासमोर जेवायला बसेन आणि मनात म्हणेन, हिच्यामुळे. तोंडाने कधीच म्हणणार नाही, पण मनात म्हणेन. मला ते नकोय. तिच्यावर चिडून मला म्हातारं नाही व्हायचं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बोट लागली तर? उलट्या झाल्या म्हणजे?"

"बादली देतात."

"थंडी असते तिकडे. उन्हाळ्यातसुद्धा."

"दोन स्वेटर नेतो."

"फोन?"

"दर रविवारी. ती नाही म्हणाली तरी करेन."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. शब्द देतो."

तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. बाईंनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. खाली 'पालक' असं छापलं होतं, त्याच्या समोर ती रेष. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या रेषेवर सही केली. घाई न करता, पूर्ण नाव.

मग त्या उठल्या, कागद स्कॅनच्या मशीनवर ठेवला, बटण दाबलं. हिरवा उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. मशीन वाजलं. कागद मेनला पोहोचला.

एमेट खुर्चीतून उठलाच नाही. त्या मशीनकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"थँक्यू, आई."

"घंटा व्हायचीये अजून," त्या म्हणाल्या. "तोवर बाईच म्हण."