आज कुकर नाही

“तुझ्या कुकरची वाफ लागली असणार,” यजमान म्हणाले. स्वयंपाकघरातल्या हवादाबाच्या यंत्राची रेषा संध्याकाळी साडेसातला उगीचच फुगली होती. सहा वर्षं कोल्हापूरचं हवामान घरबसल्या जगाला कळवणाऱ्या शशिकलाबाईंना आपली नोंद चुकावी, हे सहनच होईना.

त्यांनी इंटरनेटवरचा नकाशा उघडला. हैदराबादच्या कुणाच्या तरी घरीही तोच फुगवटा होता, वीस मिनिटं आधी! खाली कुणी लिहिलं होतं, ‘प्रशांत महासागरात ज्वालामुखी फुटलाय, ही त्याची हवेतली लाट. उलट्या बाजूनं निघालेली लाट पृथ्वीला वळसा घालून उद्या दुपारी पश्चिमेकडून येईल.’

“आज कुकर लावायचा नाही,” दुसऱ्या दिवशी त्यांनी बजावलं. यजमान उपाशीपोटी शेजारी येऊन बसले. साडेबाराला रत्नागिरीच्या एका डॉक्टरांच्या घरची रेषा फुगली. पाच मिनिटं दोघांची नजर यंत्रावरच खिळली.

मग शशिकलाबाईंचीही रेषा फुगली. खिडकीतला टॉवेल हललासुद्धा नाही.

“आपल्या घरातनं गेली गं,” यजमान पुटपुटले. दारात कुणी मोठं माणूस आल्यासारखा शशिकलाबाईंनी पदर सावरला होता.