शिकवल्यासारखं

"कधी पोचायला हवा?" संदेश केंद्राच्या खिडकीमागून खानोलकरांनी विचारलं. इथून निघालेला संदेश प्रकाशाला मागे टाकून दूरच्या यानाकडे जाई आणि तिथून कालच्या, परवाच्या पृथ्वीवर उतरे.

"अकरा मार्चला, दुपारी. बाबांच्या फोनवर." शर्वाणीने चिठ्ठी पुढे केली. 'बाबा, हे पित्त नाही. आत्ताच दवाखान्यात जा. शर्वाणी.' बारा तारखेला पहाटे बाबा गेले होते.

"आधी नोंद पाहतो. तेव्हा पोचला असेल तरच यंत्र आज पाठवतं, ताई." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "पोचलाय. दोन वाजून दहा मिनिटांनी. वाचून पुसलाय."

शर्वाणीला ती संध्याकाळ आठवली. फोनवर बाबा खुशीत होते. "आज तुझ्या नावानं एका भामट्याचा मेसेज आला होता. अनोळखी नंबर आणि वर घाई. तू शिकवलंस तसं केलं. पुसून टाकला." ती हसून म्हणाली होती, "शाब्बास, बाबा."

तिने चिठ्ठी ओढून घेतली. "यात आईचं माहेरचं नाव घालते. मग त्यांना पटेल."

"नोंदीपेक्षा एक अक्षर वेगळं चालत नाही."

"मग मलाच पाठवा. त्याच संध्याकाळी, त्यांच्या फोनआधी. बाबांकडे जा म्हणावं."

खानोलकरांनी तिचा नंबर घालून नोंद शोधली. या वेळी त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला नाही.

"नाही पोचला?" तिने विचारलं.

"पोचलाय, ताई," ते हळू म्हणाले. "न उघडता पुसलाय."