दारावरचा राक्षस

आता उपचार उरले नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी येताच वसुधा म्हणाली, "चला, किल्ल्याचा डाव मांडा."

या खेळात आम्ही दोघं एका बाजूला आणि राक्षस दुसऱ्या बाजूला. राक्षस काय करतात ते मोबाइलमधलं ॲप सांगतं. आमच्या दोन्ही सोंगट्या दाराबाहेर पडल्या की डाव जिंकला आणि संपला. मोबाइल तिच्याकडे असायचा. रोज संध्याकाळी ती बघून सांगायची, "दारावर अजून एक राक्षस आहे म्हणतंय." मग ती किल्ल्यातली एखादी पेटी उघडायची.

"काय मिळालं?"

"दोरी."

"परत दोरी? आता काय विहीर खणायची आहे?"

"तुम्ही गप्प बसा हो. लागेल."

तिच्या तेराव्यानंतर तिचा भाऊ शिरीष चार दिवस राहिला. टेबलावरचा डाव बघून म्हणाला, "दाजी, ताईच्या जागी मी खेळतो." त्यानं तिचा मोबाइल उघडला, बोटानं मागच्या चाली बघितल्या आणि हसला. "अहो, दार तर तुम्ही डाव मांडलात त्याच आठवड्यात मोकळं झालंय. राक्षस एकही नाही. ताई एवढे दिवस पेट्या कसल्या उघडत बसली?"

ती काय करत होती ते मला कळलं.

शिरीष गेला. सोंगट्या दाराबाहेर काढायला मोबाइलवर फक्त एक बटण दाबायचं आहे. पण बाहेर पडून मी जाणार कुठे? डाव जिंकायचा राहिला आहे.