चेरीवरची खिडकी

"हनुवटी जरा खाली," डेल कॉस्किनेन म्हणाला.

व्हर्नाने हनुवटी खाली केली. नवऱ्याने तिचं चित्र काढायला घेतलं होतं ते लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तेही तिने मागितलं म्हणून. सोमवारी डॉक्टर तिचा डावा गाल कापणार होते. गाठ काढायची आणि उरेल तेवढा चेहरा शिवून द्यायचा, असं ठरलं होतं. "त्याआधी एकदा मला नीट काढ," ती म्हणाली होती. "मी आहे तशी. तुझी चेरी नकोय मला."

साऱ्या अमेरिकेला डेल माहीत होता तो चेरीमुळे. तरुणपणी तो न्यूयॉर्कच्या भिंतींवर दोरखंडांनी टांगलेल्या फळीवर लोंबकळत जाहिराती रंगवायचा. पाच मजली आइस्क्रीम आणि त्यावर मोटारीएवढी लाल चेरी. पुढे तीच चेरी त्याने कॅनव्हासवर काढून गॅलरीत टांगली. लोक आधी हसले, मग रांगा लावून विकत घेऊ लागले. तेव्हापासून चेरी एके चेरी. मध्ये एकदा त्याने हट्टाने घोडे काढले. एकही विकला गेला नाही, आणि पेपरात छापून आलं की घोडेही चेरीसारखेच दिसतात.

मालाची लिफ्ट खडखडत वर, त्यांच्या राहत्या घरातल्याच स्टुडिओत आली. जाळीचं दार सरकवून मिरियम आत शिरली. गॅलरी तिची, डेलची चित्रं विकायची तीच. हातातल्या कागदी पिशवीत बेगल, म्हणजे चिवट गोल पाव, होते.

"डेल, ह्यूस्टनचा माणूस सोमवारी येतोय. दोन मोठ्या चेरी हव्यात त्याला. जेवायला तुम्ही दोघंही यायचं. व्हर्ना, तो निळा ड्रेस घाल."

"सोमवारी मला काम आहे," व्हर्ना म्हणाली.

"तुला कसलं आलंय काम? घे, बेगल खा."

व्हर्नाने बेगल मांडीवर ठेवला. डाव्या बाजूने चावता येत नव्हतं, हे तिने मिरियमला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

मिरियम चित्रापाशी गेली आणि तिथेच थबकली. मग टाळी वाजवून जोरात हसली.

"अरे लबाडा! बायकोचीच चेरी केलीस!"

"कुठे?" डेल म्हणाला.

"इथे काय, गालावर! खिडकी!"

डेलने पाहिलं. चेरी चमकती दाखवायची तर तिच्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडल्यासारखी पांढऱ्या रंगाची चौकोनी, जरा वाकडी खिडकी काढायची, अशी पाट्या रंगवणाऱ्यांची रीत. उघड्या आभाळाखालच्या भिंतीवर ही खिडकी कुठून आली, हे त्या धंद्यात कोणी विचारत नाही. उस्ताद दाखवतो, शिकणाऱ्याचा हात तेच उचलतो. व्हर्नाच्या डाव्या गालावर, नेमकी गाठीवर, तशी खिडकी होती. कधी काढली ते त्याला आठवेना. 

"याला हात लावू नकोस," मिरियम म्हणाली. "अशा सहा कर. दहा कर. बायको, शेजारीण, मीसुद्धा बसते."

"हे विकायचं नाहीये."

"तू नेहमी असंच म्हणतोस." तिने त्याचा खांदा थोपटला आणि ती लिफ्टमध्ये शिरली.

दार लागलं तसं डेलने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून गाल पुसून काढला. पुन्हा कातडीचा रंग कालवला. या वेळी तो एकेक फटकारा बघून मारत होता. गाल भरला, हनुवटीची सावली भरली. शेवटी उजेडाचा जरासा कण हवा म्हणून ब्रश पांढऱ्यात टेकवला. मनात दुसरंच होतं, सोमवारचं. ब्रश उचलला तेव्हा गालावर खिडकी होती.

जित्याची खोड म्हणतात ती ही. त्याने ब्रश फेकून दिला.

"ट्यूबलाइटमुळे होतंय हे," तो म्हणाला. "खरा उजेड हवा. तुझ्यावर खरा उजेड पडला की दिसेल तसाच काढेन."

स्टुडिओत खिडकी असलेली एकच भिंत होती, आणि तिला किती वर्षांची चेरीची चित्रं टेकून ठेवलेली होती. तो सगळ्यात पुढच्या चेरीला भिडला. हलेना. व्हर्ना उठली आणि तिनेही खांदा लावला. दोघांनी रेटून चित्रांची सगळी थप्पी हातभर सरकवली. धूळ उडाली. मागे काच दिसली, आणि काचेपलीकडे विटा.

डेलने काचेला हात लावून पाहिला.

"ही भिंत कधी आली?"

"शेजारची इमारत वाढवली ना. दोन-तीन वर्षं झाली की." व्हर्ना कपाळ मनगटाने पुसत होती. "आवाज किती यायचा. तू म्हणायचास, रेडिओ मोठा कर."

तो विटांकडे बघत उभा राहिला. मग परत येऊन त्याने चिंधी उचलली, पण चित्राला लावली नाही. पुसलं तर पुन्हा काढावं लागणार, आणि काढलं तर पुन्हा तीच खिडकी उमटणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

"मला नाही जमत गं," तो म्हणाला. "तुझाच गाल, आणि मला नाही जमत."

व्हर्नाने चित्राकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली.

"राहू दे ती," ती म्हणाली. "आपल्या घरात तेवढी एकच खिडकी उरलीय."

ती स्टुलावर जाऊन बसली, आणि त्याने न सांगताच तिने हनुवटी खाली केली.