भरलेली बाटली

संध्याकाळी तिने लेकीची पाण्याची बाटली धुवायला घेतली, तर ती हाताला जड लागली. सकाळी उकळून भरलेलं पाणी तसंच होतं. प्रयोगशाळेत पाणी तपासणं हे तिचं रोजचं काम. गेल्या आठवड्यात लेकीच्याच शाळेच्या टाकीतलं पाणी दोनदा तपासूनही दूषितच निघालं होतं. “शाळेला टाळं लावायचंय का? ‘पिण्यायोग्य’ लिहा,” साहेब म्हणाले. “तू कोण हरिश्चंद्राची नात लागून गेलीस?” नवरा म्हणाला. तिने सही केली. दुसऱ्या दिवसापासून दप्तरात ही बाटली जाऊ लागली. “आज शाळेचंच पाणी प्यायले,” लेक म्हणाली. “नळावर कागद लावलाय, त्यावर तुझी सही आहे. वास येतो म्हणून कुणी पीतच नव्हतं गं. मी सांगितलं, माझी आई कधीच खोटं बोलत नाही. मग काय, सगळा वर्ग रांग लावून पोटभर प्यायला, बालवाडीतली पिल्लंसुद्धा!”