सतरा क्रमांकाची विद्यार्थिनी

सन २००५, मार्च महिन्यातील दुसरा शनिवार, सकाळचे साडेआठ. स्थळ रियाध शहरातील अल मलाझ भागामधील एक खाजगी शिक्षणसंस्था. संख्याशास्त्राचे अध्यापक कमलाकर देवस्थळी एका रिकाम्या खोलीत उभे राहून कॅमेऱ्याला प्रमाण विचलन समजावून सांगत होते.

खोली रिकामी असली तरी वर्ग भरलेला होता. शेजारच्या इमारतीत बावीस स्त्रिया दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्यांना पाहत होत्या. पुरुष शिक्षकाने विद्यार्थिनींना पाहू नये, हा तिथला शिरस्ता. शंका आली की त्या चिठ्ठी लिहीत आणि पर्यवेक्षिका निदाबाई ती टेलिफोनवरून वाचून दाखवीत. उत्तरपत्रिका संगणकावर छापून येत. वर केवळ क्रमांक. परस्त्रीचे नाव पुरुषांत उच्चारणे अशिष्ट, म्हणून संस्थेचे संचालक हम्मादसुद्धा क्रमांकच घेत.

त्या दिवशी टेलिफोन वाजला. निदाबाईंनी संकोचत कळवले की सतरा क्रमांकाच्या मते सरांचे फळ्यावरील उत्तर चुकले आहे. नमुना दहांचा असला तरी भागाकार नवाने व्हावयास हवा होता.

कमलाकरांनी दहा मिनिटे वाद घातला. एकोणीस वर्षांच्या अध्यापनात ते कोणाशीही वाद हरले नव्हते. अकराव्या मिनिटाला ते हरले, आणि नवल असे की दिवसभर त्यांना त्याचा आनंदच वाटत राहिला.

माणूस विलक्षण काटेकोर. लग्नपत्रिका आली तरी तिच्यातले स्वल्पविराम तपासणारा. न वाचता त्यांनी कशावर सही केली असेल, तर ती अरबी कागदांवर. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, मुलांची शाळा, बसचा पास, सारे अर्ज अरबीत. पत्नी वासंती बोट ठेवी, तिथे ते सही ठोकीत. सगळेच परदेशस्थ तसे करीत.

पण यंदा त्यांच्या पोटापाण्याचाच प्रश्न उभा होता. स्त्रियांच्या वर्गात प्रत्यक्ष बसून शिकवणारी साहाय्यिका नेमल्याखेरीज जूनपासून हा विषय चालू ठेवायचा नाही, असे संस्थेने ठरवले होते. विषय बंद म्हणजे कमलाकरांचा करार बंद, आणि चंबूगबाळे आवरून चौघांनी मायदेशी परतणे. साहाय्यिका त्या बावीस जणींतूनच निवडायची होती, आणि शिफारस करायची होती कमलाकरांनी. निर्णय येत्या बुधवारी, आणि निवडलेलीने शनिवारपासूनच रुजू व्हायचे.

दुपारच्या जेवणाला त्यांनी सतरा क्रमांकाचे कौतुक मांडले. यंदा जेवायला रोज उशीर का होतो, हे त्यांनी वासंतीला दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकण्यापूर्वीच आपल्या वर्गाच्या गोष्टीकडे वळले होते.

"अहो, ती घरून कुणाकडून तरी सोडवून आणत असेल," वासंती म्हणाली. "असेल एखाद्या शेखची लेक. ठेवला असेल मास्तर."

"फळ्यावरची चूक घरचा मास्तर कशी दाखवील?"

"मग असेल एखादी रिकामटेकडी."

कमलाकरांना ते लागले. "ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यावर मत देऊ नये."

"बरं," असे म्हणून तिने त्यांना आमटी वाढली.

तरीही संशयाचा किडा उरलाच. रविवारी त्यांनी पूर्वसूचना न देता चाळीस मिनिटांची चाचणी घेतली. बहुतेक जणी दुसऱ्या प्रश्नात अडकल्या. सतरा क्रमांकाने पाचही सोडवले. तिसरा तर दोन रीतींनी.

सोमवारी हम्मादांनी आक्षेप काढला. दफ्तरानुसार ही बाई विवाहित, दोन मुलांची आई, शिक्षणात चौदा वर्षांचा खंड. त्यापेक्षा चार क्रमांकाची बरी, घराणे ओळखीचे. कमलाकरांना हुरूप आला. त्यांनी संचालकांना उद्देशून तीन पानांचे पत्र लिहिले आणि मंगळवारी जेवणाआधी ते वासंतीला मराठीत उलगडून सांगितले. खंड पडल्याने बुद्धी गंजत नाही. तिला कोणी काम सांगत नाही, म्हणून ती गंजते, असा त्यातला मुख्य मुद्दा होता.

वासंती पोळी लाटायची थांबली. "हे तुम्हाला खरंच वाटतं?"

"न पटलेलं मी लिहीत नाही."

"आणि तिचा नवराच नको म्हणाला तर?"

"तर तो गाढव. तेही लिहिलंय, तिसऱ्या पानावर. शब्द जरा सौम्य घातलाय."

तिने पोळी तव्यावर टाकली.

बुधवारी हम्मादांनी पत्र समोरच वाचले. तिसऱ्या पानाशी ते थांबले, कमलाकरांकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मग एवढे हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. या नवऱ्याची आडकाठी येणार नाही, याची हमी तुम्ही घेता का, असे त्यांनी विचारले. कमलाकरांनी ठणकावून घेतली. "खलास," म्हणजे ठरले, असे म्हणत संचालकांनी सही केली. विषय चालू राहणार होता. कमलाकरांचा करारही दोन वर्षांनी वाढला.

बसबूसा या रव्याच्या मिठाईचा खोका हातात घेऊन ते घरी आले, तेव्हा वासंती आपला बाहेर घालायचा काळा अबाया खुंटीला अडकवीत होती. चपला काढता काढताच त्यांनी सारा वृत्तान्त सांगितला: करार टिकला, सतरा क्रमांकाची नेमणूक झाली, आणि तीही केवळ आपल्या पत्रामुळे. तिने नेमणुकीचा भाग पुन्हा एकदा सांगायला लावला. मग खोका त्यांच्या हातातून घेतला.

"म्हणजे शनिवारपासून सतरा नंबरला सातच्या बसनं निघावं लागणार," वासंती म्हणाली. "मुलांचे डबे तुम्ही भरायचे."