मोरणी

“कुणीतरी डोकं घट्ट धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशा थोरल्या जाऊबाई, आक्का, सवयीने पुढे सरसावल्या. मालनने त्यांचा हात झटकला. “धरायचं काम न्हाई. मी काय पळून चाललीय?”

लहानपणी सोनाराने नाक टोचलं तेव्हा तिला बायकांनी दाबून धरलं होतं. नवरा गेल्यावर नाकातली मोरणी काढायलाही बायकांनीच धरलं, आणि त्यात सगळ्यांत घट्ट पकड आक्कांची होती. थोरले दीर गेले तेव्हा आक्कांनी स्वतःची मोरणी मात्र आपणहून उतरवून दिली. मालनचं भोक पार बुजलं होतं. आज ती आपल्या पायांनी दवाखान्यात आली होती आणि आक्का तिला अडवायला.

“लोक तोंडात शेण घालतील गं!”

“घालू देत. नाक माझं हाय.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर कापूस ठेवला, श्वास रोखायला सांगितला आणि नाकपुडीवर गार फवारा मारला. कातडी बर्फ होऊन बधिर झाली. सुई आरपार गेली तरी मालनने हूं की चूं केलं नाही. आरशात मोरणीचा खडा लखलखला.

“दुखलं न्हाई?” आक्कांनी हळूच विचारलं.

“तुमी काढलीत तवा दुखलं, त्याच्या पासंगालाही पुरत न्हाई.”

आक्का बराच वेळ आरशातल्या मोरणीकडे बघत राहिल्या. मग मालनला उठवून स्वतःच खुर्चीत बसल्या आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

“मालन, माझं डोकं धर. घट्ट धर.”